निवृत्त बंदुकांचा बाजार

१९६३ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील डॅलस शहरातल्या एका पोस्टपेटीच्या पत्त्यावर शिकागोच्या एका दुकानातून टपालाने एक रायफल आली. रायफल इटलीची होती. कार्कानो जातीची, १९४० साली तेर्नी येथील सरकारी कारखान्यात घडविलेली. महायुद्धातून वाचलेल्या आणि इटालियन सैन्याने मोडीत काढलेल्या मालापैकी ती एक. दुर्बिणीसह तिची किंमत होती १९ डॉलर ९५ सेंट. टपालखर्च दीड डॉलर वेगळा. मागणीपत्रावर 'ए. हिडेल' असे नाव होते. ते नाव खोटे होते, आणि खरे नाव विचारण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला त्या रायफलीतून सुटलेल्या गोळीने अध्यक्ष केनेडी यांचा बळी घेतला, तेव्हा सैन्यांनी टाकून दिलेल्या बंदुकांचाही एक भरभराटीचा व्यापार असतो हे जगातील सामान्य वाचकाला प्रथमच कळले.

एरवी हा व्यापार त्यापूर्वीच चांगला स्थिरावला होता. दुसरे महायुद्ध संपले आणि युरोपातील प्रत्येक राष्ट्राच्या कोठारात लाखो रायफली पडून राहिल्या. सैन्ये स्वयंचलित शस्त्रांकडे वळत होती. जुन्या, हाताने बोल्ट ओढावयाच्या रायफली त्यांना नकोशा झाल्या होत्या. सॅम्युअल कमिंग्ज नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ही संधी ओळखली आणि १९५३ मध्ये पेढी काढली. व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया आणि इंग्लंडमधील मँचेस्टर येथे तिची गोदामे होती, आणि एखाद्या लहान राष्ट्राने हेवा करावा इतकी शस्त्रे त्या गोदामांत असत. सरकारांकडून टनांच्या हिशेबाने घ्यावयाचे आणि शिकाऱ्यांना, हौशी नेमबाजांना, संग्राहकांना एकेक करून विकावयाचे, असा हा सरळ किराणा धंदा होता. माल तेवढा वेगळा.

१९६८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने कायदा करून टपालाने होणारी ही विक्री आणि लष्करी बाद रायफलींची आयात दोन्ही थांबविली. त्यासाठी केनेडींच्या हत्येनंतर पाच वर्षे जावी लागली. त्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचेही रक्त सांडावे लागले. या कायद्याचे प्रमुख पुरस्कर्ते सिनेटर डॉड कनेक्टिकटचे. कोल्ट आणि विंचेस्टर हे बंदुकांचे बडे कारखाने त्याच राज्यातले, आणि वीस डॉलरच्या परदेशी रायफलीने त्यांच्या मालाला बसणारा फटकाही उघडच होता. लोककल्याण आणि कारखानदारांचे कल्याण अशी एकाच रस्त्याने जाऊ लागली की कायदे लवकर पार पडतात, हा अनुभव काही एकट्या अमेरिकेचा नव्हे. पुढे १९८४ मध्ये दार पुन्हा किलकिले झाले. पन्नास वर्षांहून जुनी रायफल ही 'दुर्मिळ वस्तू' या सदराखाली आणता येऊ लागली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्या किलकिल्या दारातून मोसिन-नागां रायफलींचा लोंढाच आत आला. १८९१ चा हा नमुना. घडविलेल्यांची संख्या कोटींत. या शतकाच्या पहिल्या दशकातही ती शंभर डॉलरच्या आत मिळे.

अशी रायफल घेणारा मनुष्य ती पारखतो कशी, हे पाहण्यासारखे आहे. माल कॉस्मोलिन नावाच्या घट्ट, तपकिरी वंगणात बुडविलेला असतो. ते पुसल्यावर लाकूड देखणे दिसते, लोखंड काळेभोर चमकते, आणि नवशिका तिथेच फसतो. जाणकार लाकडाकडे पाहत नाही. तो बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरतो आणि आतल्या पन्हळी धारदार आहेत की बोथटल्या आहेत, भिंतीवर गंजाचे खड्डे आहेत काय, हे बघतो. मग नळीच्या तोंडात काडतुसाची टोकाकडील बाजू घालून पाहतो. गोळी थेट पितळी नळकांड्याच्या काठापर्यंत आत गेली तर तोंड झिजले आहे असे समजावे. गंमत अशी, की ही झीज अनेकदा गोळ्यांनी झालेली नसते. ती साफसफाईने झालेली असते. ज्यांनी महाविद्यालयात एनसीसीचा खाकी गणवेश चढविला आहे त्यांना 'फुलथ्रू' आणि 'चिंदी' हे शब्द आठवतील. दोरीला वजन बांधून ती नळीतून सोडावयाची आणि दुसऱ्या टोकाशी तेलाची चिंधी अडकवून ओढून घ्यावयाची. ती दोरी सरळ न ओढता तिरकी ओढली, की तोंडाच्या एकाच बाजूला घासते. हजारो शिपायांनी वर्षानुवर्षे इमानेइतबारे तिरकी ओढलेली ही दोरी नेम चुकविण्यास पुरेशी ठरते.

गंजाचे कारणही असेच आडवळणाचे आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळले की मागे जे क्षार उरतात ते मिठासारखेच हवेतील ओल शोषून घेतात आणि पोलाद खातात. तेलात हे क्षार विरघळत नाहीत, पाण्यातच विरघळतात. म्हणून बंदुकीच्या नळीत कढत पाणी ओतणे हीच तिची खरी काळजी होती, आणि नुसते तेल चोपडून ठेवणारा शिपाई दिसायला नीटनेटका असूनही बंदूक नासवीत असे. रसायनशास्त्र शिकविणाऱ्यांना वर्गात सांगण्याजोगे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

यानंतर क्रमांक. नळी, चौकट आणि बोल्ट यांवर एकच क्रमांक असावा लागतो. ही संग्राहकाची नुसती हौस नव्हे. बोल्ट बंद झाल्यावर त्याचे तोंड आणि काडतुसाचे बूड यांत किती अंतर उरते, यावर गोळी झाडणाऱ्याचे डोळे अवलंबून असतात. अंतर ठरलेल्या मापाहून वाढले तर पितळी नळकांडे फाटते आणि जळता वायू मागे येतो. कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्याच्या चौकटीशी जुळवून बसविलेला. कोठारात मात्र बोल्ट एका पेटीत आणि बंदुका दुसऱ्या पेटीत राहिल्या, आणि विकताना हाताला येईल तो घातला गेला, असे पुष्कळदा घडले. म्हणून शहाणा ग्राहक मापकाचे ठोकळे घालून ते अंतर तपासल्याविना पहिला बार काढीत नाही. जपानी बंदुकांत आणखी एक चकवा आहे. शाळकरी मुलांच्या कवायतीसाठी जपानने हुबेहूब सैनिकी दिसणाऱ्या रायफली केल्या होत्या. आतून नळी गुळगुळीत आणि धातू हलका. फक्त आवाजी काडतुसांसाठी केलेल्या त्या बंदुकीत खरे काडतूस भरणे म्हणजे आत्मघात.

परंतु पारखणाऱ्याच्या डोळ्याला अजिबात न दिसणारा दोष कसा असतो, याचे उदाहरण अमेरिकेच्याच स्प्रिंगफील्ड रायफलीने घालून दिले आहे. १९०३ च्या या नमुन्याच्या चौकटी भट्टीत तापवून कठीण करीत. पोलाद पुरेसे तापले की नाही हे अनुभवी कारागीर त्याच्या रंगावरून ठरवी. १९१७ मध्ये काही रायफली फुटल्या, चौकशी झाली, तेव्हा उमगले की स्वच्छ उन्हाच्या दिवशी लाल पोलाद डोळ्यांना असते त्याहून मंद दिसते. कारागीर ते आणखी तापू देतो आणि पोलाद ठिसूळ होते. ढगाळ दिवशीची बंदूक चांगली, लख्ख दिवशीची धोक्याची, आणि दोन्हींवर शिक्का एकच! उष्णतामापक यंत्रे आणि नवी प्रक्रिया आल्यानंतरच्या, म्हणजे स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या सुमारे आठ लाख क्रमांकापुढील, चौकटी निर्दोष मानल्या जातात. त्याआधीच्या झाडू नयेत, असे आजही जाणकार बजावतात. त्या काळी सैन्याने मात्र त्या सगळ्या एकदम मागे घेतल्या नाहीत. दुरुस्तीला येतील तशा त्यांच्या चौकटी बाद करीत राहिले. माणसाच्या डोळ्यावर, अनुभवावर आणि शिक्क्यावर आपण किती विसंबतो, याचा विचार ही हकीकत वाचल्यावर प्रस्तुत लेखकाच्या मनातून बरेच दिवस गेला नाही.

या बाजारात आपला देशही आहे. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या रायफली अमेरिकेत विकल्या गेल्या आणि त्यांना तेथे चांगले नाव आहे. चीनच्या युद्धानंतर साठच्या दशकात इशापूरने जुन्या ली-एन्फील्डच्याच घाटाची, परंतु अधिक मजबूत पोलादाची आणि ७.६२ मिलिमीटर काडतुसाची रायफल नव्याने घडविली. जुन्या .३०३ लाच भोक पाडून केलेली ती तडजोड आहे असा समज तिथल्या ग्राहकांत पसरला होता. तो चूक आहे. त्याच बाजारात इशापूरची .४१० ची एक गुळगुळीत नळीची बंदूकही मिळते, आणि तिचा इतिहास ती विकत घेणाऱ्याला सहसा ठाऊक नसतो. इंग्रजी अमदानीत पोलीस आणि पहारेकरी यांच्यासाठी सैनिकी रायफलीची ही बदललेली आवृत्ती काढली. जमावाने ती हिसकावली तरी सैन्याचे काडतूस तीत बसू नये, अशी तजवीज. बंदूक ज्याच्या हाती देतो तो उद्या कोणाच्या हाती देईल, याचा विचार परक्या सरकारने स्वतःच्या भयापोटी का होईना, पण बंदूक घडवितानाच केला होता.

आपल्या सरकारने तो बंदूक बाद करताना केला आहे काय? १९५९ च्या शस्त्र कायद्याने .३०३ सारख्या सैनिकी काडतुसाची बंदूक सामान्य नागरिकाला वर्ज्य ठरविली. हे योग्यच होते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली हेही योग्य झाले. परदेशी बाजारातून आपल्या घरात काही येईल अशी भीती म्हणूनच फारशी नाही. प्रश्न आहे तो आपल्याच कोठारांचा. २००८ च्या २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातात ज्या रायफली होत्या त्यांचा नमुना १९०७ चा होता, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. त्यानंतर पोलिसांना नवी शस्त्रे मिळू लागली. उत्तर प्रदेशाने २०२० च्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात.३०३ ला समारंभपूर्वक निरोप दिला. निरोपाच्या बातम्या छायाचित्रांसह छापून आल्या. निरोप दिलेल्या रायफली पुढे कुठे गेल्या, किती वितळविल्या, किती कोठारात राहिल्या, याच्या बातम्या त्या मानाने विरळाच.

बाद बंदूक कोठारात कुलूपबंद आहे म्हणजे ती संपली, असे मानणाऱ्यांनी मणिपूरकडे पाहावे. २०२३ च्या मे महिन्यापासून तेथील पोलिसांच्या शस्त्रागारांतून हजारो शस्त्रे लुटली गेली. त्यांत इन्सास होत्या तशा.३०३ ही होत्या. २०२५ च्या फेब्रुवारीत शस्त्रे परत करण्याचे आवाहन राज्यपालांना करावे लागले. शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्याची रायफल दहशतवाद्याच्या स्वयंचलित शस्त्रापुढे निकामी ठरते हे खरे. परंतु शेजारच्या गावातील निःशस्त्र माणसापुढे ती आजही तितकीच कामाची आहे. 'भंगार' हा शब्द येथे दिशाभूल करतो. लोखंडी खाटेचे भंगार होते, मोटारीचे होते. तेल-पाणी मिळालेली रायफल मात्र तिला घडविणारे राज्य लयाला गेल्यावरही शाबूत राहते; झारची, कैसरची आणि जपानी सम्राटाची शस्त्रे आजही अमेरिकन दुकानांत विकली जातात, याचे कारण हेच.

बाद शस्त्रे विकून तिजोरीत चार पैसे पडतात, परकीय चलन मिळते, संग्राहकांकडून इतिहास जपला जातो, असा युक्तिवाद केला जातो. त्यातील शेवटच्या भागाला काही अर्थ आहे. १९४५ मध्ये शरणागती पत्करताना जपानी सैन्याने रायफलींवरील सम्राटाचे शेवंतीचे चिन्ह घासून काढले. न घासलेले चिन्ह असलेली रायफल संग्राहक आज अधिक मोल देऊन घेतात आणि जिवापाड जपतात. अशा जपणुकीसाठी संग्रहालये आहेत, आणि नळी बुजविलेल्या बंदुकीनेही इतिहास सांगता येतो. मात्र पैशाचा युक्तिवाद लटका आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००१ च्या लहान शस्त्रांविषयीच्या कृती-कार्यक्रमाने जादा साठ्याची विल्हेवाट शक्यतो नष्ट करूनच लावावी असे म्हटले आहे. अमेरिकेनेही २०१३ मध्ये परदेशी सैन्यांना दिलेल्या आपल्या जुन्या रायफली खाजगी विक्रीसाठी परत आणण्यास परवानगी नाकारण्याचे धोरण जाहीर केले होते. त्याच वर्षी शस्त्रव्यापार-करारावर महासभेत १५४ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले आणि भारत तटस्थ राहिला. त्या तटस्थतेची कारणे आयातदार राष्ट्राच्या गरजांशी निगडित होती व ती समजण्याजोगी होती. स्वतःच्या कोठारातील बाद मालाचा हिशेब देण्यास मात्र कोणताही करार आडवा येत नाही.

राज्याच्या गृहखात्याने एवढे करावे: किती .३०३ बाद झाल्या, किती जिल्हा शस्त्रागारांत उरल्या आणि किती कोणत्या दिवशी भट्टीत गेल्या, याचा तक्ता दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा. नुसती संख्या नको. चौकटीवरील क्रमांकांची नोंदवही असावी, आणि बोल्ट वेगळा व बंदूक वेगळी अशी मोजदाद करून दोन्ही वितळल्याची सही घ्यावी. वीस डॉलरची जुनी रायफल घेणारा ग्राहकदेखील बोल्टाचा क्रमांक पाहिल्याविना पैसे देत नाही.