‘निघालो’ की ‘निघाले’?
मराठीत फोनवर ‘मी निघाले’ म्हटलं, की बोलणारी बाई आहे हे क्रियापदच सांगून टाकतं. पण डोंबिवलीतल्या एखाद्या ट्रान्स स्त्रीने तेच म्हटलं आणि आवाज जाडा लागला, तर पलीकडून ‘बोला, सर’ ठरलेलं. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाचा आवाज काही महिन्यांत खाली उतरतो; वयात येताना जाड झालेले स्वरतंतू मात्र इस्ट्रोजेनने पुन्हा बारीक होत नाहीत. तिथे रियाझाला पर्याय नाही. नुसती पट्टी चढवली तर घसा बसतो. आवाज छातीऐवजी तोंडात पुढे घुमवावा लागतो, वाक्याचे हेलकावे बदलावे लागतात. कुणाला किती बदल हवा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आवाजाच्या थेरपिस्टने त्या मापाचा सराव बेतायचा. पण कल्याणच्या वन रूम किचनमध्ये, घरच्यांच्या कानावर न पडता, तो करायचा कुठे? 2019च्या ट्रान्सजेंडर हक्क कायद्याने विम्यासाठी शस्त्रक्रिया, हार्मोन, लेझर यांची नावं घेतली. आवाजाचं काम ‘इतर आरोग्य प्रश्नां’त राहिलं. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका डोक्यावर घेणाऱ्या महाराष्ट्राला खऱ्या आयुष्यातलं ‘निघाले’ ऐकताना एवढा ठसका का लागावा?