वाटी रिकामी करा

सूर्यफुलाच्या बियांवर लिहिलेल्या लेखानंतर या आठवड्यात जे फोन आले, त्यातल्या बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच होतं: ‘आमचा दुसरं काही खातच नाही.’ पुण्याच्या एका ताईंचा कॉकाटिएल जातीचा पोपट सहा वर्षांचा आहे. डॉक्टरांनी त्याच्या तोंडातले पांढरे चट्टे दाखवले, अ जीवनसत्त्व कमी पडतंय असं सांगितलं, तरी ताईंना ते पटत नाही. “दादा, त्याची वाटी मी कधी रिकामी ठेवत नाही हो,” असं त्या पुन्हापुन्हा सांगत होत्या. त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. राग आहे तो त्या वाटीवर.

जरा मंगळवेढ्याकडे ज्वारीच्या रानात चला. कणसात दाणा भरू लागला की तिथे राखण सुरू होते. गोफण, पत्र्याचे डबे, वाऱ्यावर चमकणाऱ्या पट्ट्या आणि उजाडल्यापासून हाकारे. पोपटांचा थवा उतरला की एक कणीस पुरतं खाऊन दुसऱ्याकडे जाणं त्यांना माहीत नाही. चार दाणे खायचे, बाकीचे खाली पाडायचे, पुढच्या ताटावर झेप घ्यायची. सलीम अलींनी १९४१ साली ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ लिहिलं, तेव्हाही पोपट खातो त्याहून जास्त नासतो ही तक्रार जुनीच होती. ज्वारी संपली की हाच पक्षी पळस-सावरीच्या फुलांतला मध चाखतो, पावसाच्या तोंडावर लिंबोळ्या खातो, उंबर-वडाची फळं फोडतो. पावसाळ्यात बाजरीच्या कोवळ्या दाण्यावर येतो, थंडीत पेरूच्या बागेत. शेतकऱ्याला विचारा, पोपट काय खात नाही? त्याला एकही नाव सुचायचं नाही. शहरातल्या मालकाला विचारा, तो सूर्यफुलाशिवाय एकही नाव घेत नाही.

आपला रानपोपट १९७२च्या वन्यजीव कायद्याने पिंजऱ्यात ठेवताच येत नाही, आणि ठेवूही नये. ते मी इथे वारंवार सांगितलं आहे आणि सांगत राहणार आहे. पण खाण्याच्या बाबतीत ताईंच्या कॉकाटिएलची गोष्ट वेगळी निघत नाही. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिथे त्याचे भाऊबंद ज्वारी आणि सूर्यफुलाच्या शेतांवर उतरतात आणि तिथला शेतकरीही त्यांच्या नावाने बोटं मोडतो. त्यांच्या गळ्यातल्या अन्नपिशवीत काय सापडतं, हे तिथल्या संशोधकांनी तपासलं तेव्हा पंचविसाहून अधिक प्रकारच्या बिया निघाल्या. ज्वारी पुष्कळ होती, पण पक्ष्यांची पसंती पक्क्या, कडक दाण्यापेक्षा कोवळ्या, मऊ दाण्याला होती. म्हणजे तिकडेही हुरडाच! सूर्यफूलही तो खातो, पण रानात ते पंचविसांतलं एक असतं आणि तिथवर पोचायला मैलोगणती उडावं लागतं. आपल्या घरी तेच एक असतं, आणि उडायचं असतं दांडीपासून वाटीपर्यंत, दीड वीत.

सोललेल्या सूर्यफुलाच्या बीमध्ये जवळजवळ निम्मी चरबी असते. अ जीवनसत्त्व नावालाही नसतं, आणि कॅल्शियम फॉस्फरसच्या मानाने फारच थोडं. अ जीवनसत्त्व मिळालं नाही की तोंडाचं, नाकाचं, श्वासनलिकेचं आतलं अस्तर कोरडं आणि जाड होतं, तिथे जंतू घर करतात, पक्षी शिंकू लागतो. ताईंना दिसलेले चट्टे तिथूनच आले. आफ्रिकन ग्रे पोपट असेल तर कॅल्शियम घटून थेट झटके येतात. त्याला खिडकीच्या काचेआड ठेवून ‘ऊन मिळतंय’ असं समजू नका. ड जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण काच अडवते. दुकानातल्या ‘पॅरट मिक्स’च्या पाकिटात रंगीत दाणे कितीही असोत, पक्षी निवडून सूर्यफूलच खातो आणि बाकीचं मिश्रण केरात जातं. हे मिश्रण रोजचा आहार म्हणून विकणं बंद झालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पण वाटीत काय आहे, यापेक्षा ती दिवसभर भरलेली आहे हे मला जास्त खुपतं. रानातला पोपट उजाडताच चरायला निघतो, दुपारी सावलीत विसावतो आणि उन्हं उतरताना पुन्हा चरून रातथाऱ्यावर परततो. शोधणं, पारखणं, सोलणं, फोडणं, यातच त्याचा दिवस जातो. पिंजऱ्यातल्या पक्ष्याचं तेच काम थोड्या वेळात आटोपतं, आणि उरलेल्या वेळात तो ओरडतो किंवा स्वतःचीच पिसं उपटतो. संशोधक आयरीन पेपरबर्ग यांच्या गटाने २०२१मध्ये ग्रे पोपटांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. आयतं अन्न समोर असतानाही त्यातल्या काही पक्ष्यांनी मेहनत करून मिळणारं अन्न निवडलं. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला याचं नवल वाटणार नाही.

म्हणून दिवसाची घडी बदला. सकाळी उजाडल्यावर भाज्या द्या: शेवग्याची पानं, किसलेलं गाजर, लाल भोपळा, मेथी, उकडलेलं रताळं. शेवगा आपल्या परसात फुकट मिळतो आणि अ जीवनसत्त्व नि कॅल्शियम या दोन्ही बाबतींत त्याच्या पानांची बरोबरी फार थोड्या भाज्या करतात. मिरची खुशाल द्या. तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, आणि पिकलेली लाल मिरची हिरवीपेक्षा सरस. आपल्या आज्या मिरची द्यायच्या ते योग्यच होतं. चहात बुडवलेलं बिस्किट आणि दूध-पोळी मात्र बंद. दूध पचवण्याची सोय पक्ष्याच्या पोटात नाही. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट तर विषच. भिजवलेली डाळ आणि चिरलेल्या भाज्या दोन तासांनी उचला, उन्हाळ्यात त्याहून लवकर. पावसाळ्यात शेंगदाणे देऊच नका, त्यांना लागणाऱ्या बुरशीचं विष यकृत खातं. संध्याकाळी पक्ष्यांसाठीच्या तयार खाद्यगोळ्या (पेलेट) आणि मोजके दाणे. सूर्यफूल हातातून, एखाददुसरं, शाबासकी म्हणून.

आता ‘खातच नाही’बद्दल. पिल्लू आई-बापांकडे बघून अन्न ओळखायला शिकतं. हाताने भरवून वाढवलेल्या आणि नंतर फक्त बियांवर सोडलेल्या पक्ष्याला गाजर हे अन्न आहे हेच माहीत नसतं. त्याच्यासमोर बसून तुम्ही ते खा, चवीने खा. थव्याने खाणारा पक्षी आहे, उद्या-परवा कुतूहलाने चोच लावेल. पण ‘भूक लागली की खाईल’ म्हणून जुनं अन्न एकदम तोडू नका, लहान पक्षी दोन दिवसांत दगावतो. बदल काही आठवड्यांत, थोडा थोडा करा. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या आणि रोज सकाळी खाण्याआधी वजन लिहून ठेवा. कॉकाटिएल साधारण ८० ते १०० ग्रॅम भरतो. त्याचं वजन एक दशांशाने उतरलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. आणि वाटी भरलेली दिसते म्हणून निर्धास्त राहू नका, फुंकर मारून बघा. वरचा थर पुष्कळदा नुसत्या टरफलांचा असतो.

दुकानात ‘मिलेट स्प्रे’ म्हणून महागडी पाकिटं मिळतात. ती राळ्याची कणसं आहेत, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पिकलेल्या राळ्याची. ताई, तुम्हाला आणि बाकीच्यांनाही विनंती आहे: त्या पाकिटांऐवजी, येत्या हिवाळ्यात हुरडा खायला गेलात तर कीटकनाशक न मारलेल्या रानातली चार कणसं मागून आणा. धुऊन, दांड्यासकट पिंजऱ्यात उंच टांगा. त्या दिवशी थोडा वेळ वाटी ठेवू नका, फक्त नजर ठेवा. तो काय करतो ते मला जरूर कळवा.