महिनावार परीक्षणातून सुटलेला एप्रिल

जुन्या कॅसेटींची महिनावार परीक्षणे लिहिण्याची सध्या टूम आहे. एखादे साल धरायचे, समजा १९९१, आणि जानेवारीपासून कोणत्या महिन्यात कोणत्या सिनेमाची गाणी आली, त्यातली टिकली किती, याचा हिशेब मांडायचा. मीही हे आवडीने वाचतो. ऑगस्टमध्ये ‘सौदागर’ आणि ‘साजन’, नोव्हेंबरात ‘लम्हे’ आणि ‘फूल और काँटे’, डिसेंबरात ‘सडक’. नुसती यादी वाचली तरी नदीम-श्रवणची ढोलक कानात सुरू होते.

पण हे कॅलेंडर मुंबईच्या शुक्रवारांचे आहे. सिनेमा पडद्यावर आला ती तारीख म्हणजे गाण्याची तारीख, असे धरून सगळे चालते. मुळात कॅसेट सिनेमाच्या आधीच बाजारात यायची, म्हणजे तो हिशेबही पक्का नाहीच. आणि कोपरगावसारख्या गावात गाणे शुक्रवार बघून वाजत नव्हते. इथे उसाचा हंगाम सुरू झाला की कोळपेवाडीच्या नाहीतर संजीवनीच्या कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरवर टेप सुरू व्हायचा आणि गाळप संपेपर्यंत त्याच चार कॅसेटी फिरत राहायच्या. आषाढात वेगळ्या, गणपतीत वेगळ्या. आमच्या नातिया कॅसेटींचे तर विचारूच नका; रबीउल अव्वल दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, तो कोणत्या महिन्याच्या रकान्यात बसवणार?

माझ्या मते या भागातला सगळ्यात श्रीमंत महिना एप्रिल. शिर्डी इथून जवळ. तिथे रेल्वे येईपर्यंत साईभक्त कोपरगाव स्टेशनवरच उतरत. साईसच्चरित सांगते की शिर्डीत उरूस भरवायची कल्पना कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांची. साल १८९७, आणि दिवस ठरला रामनवमीचा. पुढे संदलची मिरवणूकही त्याच दिवशी निघू लागली. अशा मुलखात १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तली साईबाबांची कव्वाली नुसती १९७७ ची कशी राहील? आनंद बक्षींचे शब्द, लक्ष्मीकांत-प्यारेलालची चाल, रफीसाहेबांचा आवाज, पडद्यावर गाणारा अकबर इलाहाबादी, आणि गाणे साईंच्या देवळात! परीक्षण लिहिणारा त्यावर दोन ओळी लिहून पुढच्या सिनेमाकडे वळतो. इथे ते दर चैत्रात नव्याने लागायचे.

त्याच एप्रिलमध्ये १४ तारीख. भीमगीतांच्या कॅसेटी, आणि त्यात प्रल्हाद शिंद्यांचा तो भरदार आवाज. मंगळवेढ्याचा हा माणूस. पंढरीच्या वाटेवरचे त्यांचे गाणे आज वारीत कुणाच्याही तोंडी असते, भीमगीते जयंतीला असतात, आणि सुरुवातीच्या काळात ते इस्माईल आझाद कव्वालांच्या पार्टीत कोरसला गायचे. तेच इस्माईल आझाद, ज्यांची ‘अल हिलाल’मधली कव्वाली १९५८ साली देशभर गाजली. अझीझ नाझां हेही त्याच पार्टीतून पुढे आले. एका पार्टीतून एक गळा विठ्ठलाकडे आणि बाबासाहेबांकडे गेला, दुसरा कव्वालीच्या स्टेजवर राहिला. दोघांनी श्रोत्यांना धरून ठेवायची तालीम एकाच ठिकाणी घेतली.

आता परीक्षणांच्या रकान्यांत बघा. विठ्ठलाची गाणी भक्तिगीतात, जयंतीची ‘चळवळीच्या’ खात्यात, कव्वाली ‘इस्लामी’ म्हणून बाजूला, आणि मुख्य यादी फक्त सिनेमाची. एका माणसाचा गळा तीन कप्प्यांत चिरला जातो. मग मराठी माणसाने काय ऐकले याचा इतिहास लिहायला बसले की मुसलमान कव्वाल त्यात सापडतच नाहीत, कारण ते आधीच दुसऱ्या कप्प्यात गेलेले असतात. याचा दोष फक्त इतरांना देऊन भागणार नाही. कव्वाली म्हणजे दर्ग्यावरचा गोंगाट, तिच्याशी आपले काय देणेघेणे, असे म्हणणारे आपल्यातही वाढले आहेत. संगीत जायज की नाजायज हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. पण जे गायले गेले ते गायलेच गेले नव्हते, असे भासवू नये.

ही नुसती आठवणींची हौस नाही. सिनेमाच्या गाण्यांना कंपनी आहे; ती पुन्हा पुन्हा निघतात, मोबाइलवर बोट लावले की वाजतात. गुलशन कुमारांच्या काळात कॅसेट किराण्याच्या दुकानात आणि पानटपरीवर पोचली, तशा गावोगावच्या छोट्या कंपन्याही निघाल्या. त्यांनी काढलेल्या जंगी मुकाबल्यांच्या, उरुसातल्या, जयंतीच्या कॅसेटींना आज वाली नाही. फितीला बुरशी लागते. माळ्यावरचा खोका भंगारवाल्याकडे जातो. परीक्षणात ज्यांचे नाव येते त्यांना शोधणारा कुणीतरी निघतो. बाकीच्यांना कोण शोधणार?

म्हणून माझी सूचना साधी आहे. महिनावारच लिहायचे तर आपल्या गावचे महिने धरा, आणि घरात अशी एखादी कॅसेट निघाली तर आधी तिच्यातला कागद वाचा. गाणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरात असेल, शायराचे कधीकधी बारीक अक्षरात. ढोलक कुणाची, बेंजो कुणाचा, टाळ्या धरणारे कोण, त्यांच्यासाठी बहुतेक दोनच शब्द असतील: ‘आणि पार्टी’. त्या पार्टीतले कुणी अजून हयात असतील तर त्यांची नावे विचारून त्याच कागदावर लिहून ठेवा.