शिक्षेचा तराजू

एका इसमापाशीं २०० ग्रॅम निर्भेळ हेरॉइन सांपडलें. दुसऱ्यापाशीं सांपडलें अवघें ५ ग्रॅम, परंतु तें खडूच्या ३०० ग्रॅम भुकटींत मिसळलेलें. या दोघांत मोठा अपराधी कोण, हें पेठेंतला कोणताही वाणी क्षणांत सांगेल. आमचा कायदा मात्र उलट सांगतो! १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखालीं हेरॉइन २५० ग्रॅमहून अधिक भरलें कीं तें ‘व्यापारी प्रमाण’ ठरतें. मग १० वर्षांची सक्तमजुरी व १ लाख रुपये दंड यांहून कमी शिक्षा न्यायाधीशाच्या हातीं उरत नाहीं, आणि कलम ३७ मुळें जामिनाचें दारही बहुधा बंदच. त्याखालीं, ५ ग्रॅमपर्यंत, कमाल शिक्षा १० वर्षें आहे, किमान मुळींच नाहीं. म्हणजे पहिला इसम वर्षा-दोन वर्षांत घरीं येऊं शकेल. दुसऱ्यास मात्र खडूपायीं दहा वर्षें!

२००१ सालीं हीं प्रमाणें आलीं तीं शिक्षेंत कांहीं ताळमेळ यावा म्हणूनच. २००८ सालीं सुमारें ४ किलो मालांत खरें हेरॉइन ६० ग्रॅमच्या आसपास निघालें, तेव्हां शुद्ध अंशच मोजावा असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. पुढल्याच वर्षीं सरकारनें अधिसूचना काढून सगळें मिश्रण मोजण्यास फर्माविलें, व एप्रिल २०२० मध्यें तीन न्यायमूर्तींच्या पीठानें २००८ चा निकाल मोडीत काढला. रस्त्यावर विकला जातो तो भेसळीचाच माल, हें त्यांतील कारण खोटें नाहीं. पण निर्भेळ माल असतो तो धंद्याच्या वरच्या पायरीवर. खालीं उतरतां उतरतां भेसळ वाढते. वजनाचा हा भार म्हणून पुडी पोंचविणाऱ्या पोरावरच अधिक पडतो.

मधल्या पायरीचें तर विचारूंच नये. ६ ग्रॅमवाला आणि २४० ग्रॅमवाला एकाच कलमांत. कोणास किती वर्षें, हें ज्या न्यायाधीशापुढें खटला चालेल त्याच्या मनावर. शिक्षेचीं सूत्रें आंखण्यासाठीं वैधानिक समिती नेमावी, असें मालिमठ समितीनें २००३ सालींच सांगितलें होतें. २०२३ सालीं दंडसंहिता नवी झाली, पण या गोष्टीस कोणीं हात लाविला नाहीं.

अपराधाची पायरी एकूण वजनावर ठरवायची तर खुशाल ठरवा. परंतु रासायनिक विश्लेषकानें शुद्ध अंशाचा आंकडा अहवालांत लिहावा, आरोपी मालक कीं हमाल हें न्यायाधीशानें पाहावें, आणि शिक्षेचा हिशेब निकालपत्रांत मांडावा. व्यापारी प्रमाणांतही अंश नगण्य असेल तेथें किमान शिक्षेखालीं उतरण्याची मुभा हवी. ती देणें संसदेच्याच हातीं आहे, आणि आमच्या प्रतिनिधींनीं तेथें ती मागावी.