चोविसाव्या चालीनंतरचा डाव

म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडियारांच्या हातून इंग्रजांनी १८३१ मध्ये राज्यकारभार काढून घेतला. उरलेल्या आयुष्यात या राजाने पटावरच्या खेळांचाही ध्यास घेतला. एकटा घोडा चौसष्टही घरांत प्रत्येकी एकदाच कसा फिरेल, याची कोडी त्यांनी रचली. रिकाम्या पटावर एका मोहऱ्याची पुरती ताकद जोखण्याचा हा अभ्यास आज मागे पडला आहे. याच शहराच्या एम. एस. तेजकुमार यांनी २०१७ मध्ये कर्नाटकाचे पहिले ग्रँडमास्टर होण्याचा मान मिळवला, तेव्हा बुद्धिबळाकडे वळणारी मुले तिथे कमी नाहीत. पण म्हैसूर असो की सांगली, मुले ओपनिंगच्या चाली घोकतात आणि मोहरी कमी झाली की चाचपडतात. मोठ्या खेळाडूंचा डाव तपासताना सर्वाधिक वेळ शेवटच्या टप्प्याला द्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

हेस्टिंग्ज येथे १९३०-३१च्या स्पर्धेत भारतीय खेळाडू सुलतान खान यांनी माजी विश्वविजेते कापाब्लांका यांना हरवले, तो डाव मांडून पाहा. देशी नियमांवर वाढलेल्या खान यांनी पांढरी मोहरी घेऊन राजाचा किल्लेकोट केलाच नाही. २१व्या चालीला त्यांचा उंट जी ४ वर आला आणि सी ८ वरच्या हत्तीवर मारा झाला. कापाब्लांकांनी हत्ती सी १ वर घालून शह दिला आणि २४व्या चालीपर्यंत दोन हत्ती देऊन वजीर घेतला. हिशेबाने हा सौदा जवळपास बरोबरीचा. मात्र मधली प्यादी एकमेकांना अडून बसली होती, त्यामुळे डी २ वरच्या पांढऱ्या राजाला शहांचा सपाटा लावायला वजिराला वाटच नव्हती. तो बी ३ वर जाऊन बी २च्या प्याद्यावर टपला, तर एका हत्तीने मागून ते राखले आणि दुसरा सी पट्टीत उतरला. पुढे ४१ चाली हाच कस लागला आणि ६५व्या चालीला खान जिंकले.

आता संगणकावरचे बुद्धिबळाचे इंजिन क्षणात अचूक चाल सांगते, मग डोके का शिणवायचे, असे कोणी विचारेल. इंजिन चाल सांगते. वजीर का अडला, हे मुलालाच शोधावे लागते आणि स्पर्धेत इंजिन शेजारी नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ओपनिंगच्या कच्चेपणामुळे खुद्द खान यांनाही सोसावे लागले. ते खरेच आहे, आणि ओपनिंग सोडून द्या असे कोणी म्हणत नाही. पण पाठ केलेल्या चाली प्रतिस्पर्धी अनोळखी वाटेने गेला की संपतात. तिथून पुढे मोहऱ्यांची जाणच कामी येते.

प्रशिक्षकांनी आठवड्याला असा एक डाव घ्यावा, २४व्या चालीला थांबवावा आणि पुढचा मुलांकडून दोन्ही बाजूंनी खेळवून घ्यावा. इंजिन त्यानंतर उघडावे.