वाघळाची बाजू

पशू आणि पक्षी यांच्या लढाईत वटवाघूळ कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला गेले, शेवटी दोघांनीही त्याला हाकलून दिले आणि तेव्हापासून ते दिवसा तोंड दाखवीत नाही, ही इसापनीतीतली गोष्ट ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळा. दीडशेहून अधिक वर्षे आपण ती मुलांना सांगत आलो आहोत. गोष्ट चटकदार आहे, छोटी आहे आणि तिचे तात्पर्य घरोघरी कामाला येते. पक्षांतर करणाऱ्या आमदारापासून दोन्ही जावांशी गोड बोलणाऱ्या शेजारणीपर्यंत कोणालाही ते लावता येते. माझी तक्रार या गोष्टीविषयीच आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाची वटवाघळाशी पहिली ओळख होते ती हिच्यातून, आणि पहिल्या ओळखीतच ते बिचारे फितूर ठरलेले असते.

बँकेतली सदतीस वर्षांची नोकरी संपली तेव्हा कादंबऱ्या लिहायला सबंध दिवस मोकळा मिळाला. तो इतका मोकळा होता की दर शनिवारी सकाळी घराजवळच्या एका बालवाडीत गोष्ट सांगण्याचे काम मी मागून घेतले. मुले वीस-बावीस. त्यांतली निम्मी समोरच्या बांधकामावरच्या मजुरांची. कोणी विजापूरकडची, कोणी छत्तीसगडची. एका शनिवारी मी हीच लढाईची गोष्ट सांगितली. छत्तीसगडकडचा एक मुलगा, जो घरी एक भाषा बोलतो, रस्त्यावर हिंदी आणि आमच्यापुढे मोडके मराठी, आणि बहुतेक वेळा काहीच बोलत नाही, तो म्हणाला, ‘‘त्याला दोन्ही येत होतं ना? मग हाकललं कशाला?’’

इसापाजवळ याचे उत्तर नाही. प्राणिशास्त्राजवळ आहे. वाघळाने बाजू बदललेलीच नाही. ते सस्तन आहे, त्याच्या अंगावर केस आहेत, ते पिल्लाला दूध पाजते, आणि शिवाय उडते. खार तरंगत खाली येते, पण पंख हलवून खरोखर उडणारा सस्तन प्राणी हा एवढाच. आणि पंख तरी कसला, तो हातच आहे. बोटे लांबच लांब वाढलेली, त्यांच्यामध्ये कातडीचा पडदा, आणि अंगठा तेवढा नखासकट बाहेर. पुढच्या शनिवारी मी बालवाडीताईंची ओढणी मागून घेतली आणि मुलांना तिच्याखाली पाची बोटे फाकवायला लावली. त्या दिवशी गोष्ट अशी झालीच नाही. सगळ्या खोलीत वाघळे उडत होती.

आता दुसऱ्या टोकाविषयी. अलीकडे मुलांसाठी जी माहितीपर पुस्तके निघतात त्यांत वाघूळ अपशकुनी नाही, केसांत अडकत नाही, हे सांगतात. ते ठीकच आहे. पण लगेच त्याचा अर्ज पुढे येतो. वाघूळ किडे खाते, फळांच्या बिया दूरवर टाकते, फुलांचे परागण करते; सबब त्याला मारू नये. प्रत्येक शब्द खरा आहे. तरी मला हा मजकूर वाचताना कर्ज मागायला आलेल्या माणसाचे कागद चाळल्यासारखे वाटते. उत्पन्नाचा दाखला जोडला आहे, जामीनदारांची सही आहे, म्हणून मंजूर. मूल फार हिशेबी असते. वाघूळ कामाचे आहे म्हणून जगू द्यायचे, तर जे कामाचे नाही त्याचे काय करायचे, हे ते न विचारता समजून घेते. मी नोकरीभर माणसांकडे जामीन मागितला. वाघळाकडे मागण्याची माझी इच्छा नाही.

उसनवारीचा विषय निघालाच आहे तर रक्त पिणाऱ्या वाघळाची गोष्ट सांगतो, कारण मुलांना तीच हवी असते. जगात वाघळांच्या चौदाशेहून जास्त जाती, भारतात सव्वाशेच्या वर. त्यांतल्या रक्तावर जगणाऱ्या फक्त तीन, आणि त्या तिन्ही अमेरिका खंडातल्या, मेक्सिकोपासून दक्षिणेकडे. आपल्याकडे एकही नाही, हे आधी सांगून टाकावे म्हणजे मुले नीट बसतात. हे वाघूळ अंगठ्याएवढ्या धडाचे, पण लागोपाठ दोन-तीन रात्री रक्त मिळाले नाही तर मरते. आणि रोज रात्री सगळ्यांनाच सावज मिळते असे नाही. मग उपाशी परतलेले वाघूळ शेजारणीजवळ सरकते, तिचे तोंड चाटते, आणि पोट भरलेली ती शेजारीण आपल्या पोटातले थोडे रक्त तिच्या तोंडात घालते. जेराल्ड विल्किन्सन या शास्त्रज्ञाने कोस्टा रिकात हे पाहिले आणि १९८४ साली जगापुढे मांडले. मदत नात्यातल्यांना होते हे खरे, पण नात्यात नसलेल्या, पुष्कळ दिवस एकाच ढोलीत राहिलेल्या सोबतिणींनाही होते. आणि ज्यांनी पूर्वी दिले त्यांना ती अधिक मिळते. कागद नाही, तारण नाही, व्याज नाही. मी हे वाचले तेव्हा प्रथम वसुलीचा विचार मनात आला, ही सवयीची गोष्ट. मुलांनी मात्र विचारले, ‘‘त्यांना घाण नाही वाटत?’’ आणि मग बराच वेळ एकमेकांच्या डब्याची चर्चा झाली.

अशा गोष्टी रचाव्या लागत नाहीत, हेच मला सांगायचे आहे. इंग्रजीत जॅनेल कॅनन यांचे ‘स्टेलालूना’ १९९३ साली आले. पक्ष्यांच्या घरट्यात पडलेल्या वाघळाच्या पिल्लाची ती चित्रकथा. ती जगभर गेली, आणि तिच्या पोटात वाघळाची खरी माहिती आहे. आपल्याकडे तर खऱ्या घटना कपाटात पडून आहेत, आणि हे मी शब्दशः म्हणतो. १९४८ साली अँगस हटन या निसर्ग अभ्यासकाने तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात एक फळे खाणारे वाघूळ पकडले. ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात आले. नेहमीच्या, गावोगाव दिसणाऱ्या आखूड नाकाच्या वाघळाचे नाव त्याला चिकटवले गेले, आणि ते वर्षानुवर्षे तसेच राहिले. पुढे किट्टी थोंगलोंग्या नावाच्या थाई संशोधकाने ते हातात घेतले, त्याचे दात पाहिले, शेपूट नाही हे पाहिले, आणि हे वाघूळ नावाप्रमाणे नाही हे ओळखले. १९७२ साली त्याला सलीम अलींचे नाव मिळाले. चोवीस वर्षे दुसऱ्याच्या नावाने पडून राहिलेले वाघूळ! बालवाडीत दर जूनला दोन मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या अदलाबदल होतात, त्यामुळे या गोष्टीला श्रोते फार चांगले मिळतात. थोंगलोंग्या फार जगला नाही. थायलंडच्या चुनखडीच्या गुहांत राहणाऱ्या, जेमतेम दोन ग्रॅम वजनाच्या वाघळाला १९७४ साली, त्याच्या मृत्यूनंतर, त्याचे नाव दिले गेले.

योगायोग पाहा. ज्या १९७२ साली सलीम अलींचे नाव एका फलाहारी वाघळाला मिळाले, त्याच साली आपला वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि त्यात फळे खाणारी वाघळे कावळे-उंदरांच्या पंक्तीला ‘उपद्रवी’ म्हणून बसली. सलीम अलींच्या वाघळाला पुढे कायद्याने पहिल्या परिशिष्टात घेतले; बाकीची पन्नास वर्षे तिथेच होती. २०२२ च्या दुरुस्तीने ते उपद्रवींचे परिशिष्टच गेले. इसापाची गोष्ट सरकारलाही पाठ होती म्हणायची.

गुहेकडे वळतो. मुलांना अंधाराची भीती वाटते ती अंधारात काही नाही म्हणून नव्हे, काय आहे ते माहीत नाही म्हणून. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. तिथल्या एका वाघळाला १९१३ साली रॉटन या मुंबई इलाख्यातल्या वनाधिकाऱ्याचे नाव मिळाले. मोठे कान, आखूड केस, मानेशी फिकट पट्टा. कित्येक दशके ते साऱ्या जगात या एकाच गुहेत सापडत होते. मग मेघालयात आणि कंबोडियात आढळले. तो भाग २०११ पासून भीमगड अभयारण्यात आहे. कित्येक दशके साऱ्या जगात एकच घर ठाऊक असलेला प्राणी आपल्या बेळगावकडचा, हे कळल्यावर मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

आणि एक मासा. बोटाएवढा, ओढ्यातल्या दगडगोट्यांखाली राहणारा. फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली त्याचे वर्णन केले ते पुण्याच्या माशांवरून. बस्तरमध्ये, कांगेर खोऱ्यातल्या कोटुमसरच्या गुहेत, याच जातीत गणले गेलेले मासे पूर्ण काळोखात राहतात. त्यांच्या अंगाचा रंग उडाला आहे, डोळे बारीक होत गेले आहेत. तिथे हिरवे पान उगवत नाही, तेव्हा खायला येणार कुठून? पावसाळ्याचे पाणी काही वाहून आणते, आणि दुसरा भरणा करणारे म्हणजे वाघूळ. ते बाहेर खाऊन येते आणि आत शिटते. त्या शिटेवर बुरशी आणि जंतू, त्यावर किडे, असे ते दुकान चालते. पुण्याच्या माशाचे हे बस्तरातले नातलग ऐकून आमच्या त्या मुलाने आपल्या गावची गोष्ट असल्यासारखी मान डोलावली. त्याचे गाव तिथून किती लांब आहे, हे विचारण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

मराठीने एक गंमत करून ठेवली आहे. पडक्या वाड्यात राहणाऱ्या लहान वाघळाला आपण पाकोळी म्हणतो, आणि कड्याकपारीत घरटी करणाऱ्या एका पक्ष्यालाही पाकोळीच. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकाळ बेटावर, गुहेच्या छताला, ही पक्षी-पाकोळी आपल्या लाळेची घरटी चिकटवते. परदेशात त्यांचे सूप करतात म्हणून ती घरटी चोरली जात. २००० सालाच्या सुमारास चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ते उघडकीला आणून तिथे संरक्षणाचे काम केले. माझी दोन वर्षे वेंगुर्ल्याच्या शाखेत गेली, ती बेटे रोज दिसत. गंमत पुढेच आहे. हा पक्षी काळोख्या गुहेत तोंडाने टकटक आवाज काढतो आणि प्रतिध्वनीवरून वाट शोधतो. म्हणजे वाघळाची विद्या पक्ष्याजवळ. ज्याने दोघांना एकच नाव दिले त्या अनामिक माणसाला हे ठाऊक असणे शक्य नाही. पण लढाईच्या गोष्टीपेक्षा त्याचा कान बरा होता.

प्रतिध्वनीचा धडा मी आंधळी कोशिंबीर खेळून घेतो. डोळे बांधलेला ‘‘कुठेस?’’ म्हणतो, बाकीच्यांनी तत्काळ ‘‘इथे!’’ म्हणायचे. पाच मिनिटांत मुले आवाजावरून अंतर ओळखू लागतात. स्पालान्झानीने १७९० च्या दशकात इटलीत वाघळांवर जे प्रयोग केले ते मी सांगत नाही, कारण त्यात त्याने त्यांचे डोळे काढले. ते दहावीला कळले तरी चालेल. मात्र एक सांगतो. वाघूळ आंधळे नसते. वडावर लटकणाऱ्या मोठ्या वाघळाला तर हा प्रतिध्वनीचा धंदा येतच नाही. ते डोळ्यांनी बघते आणि नाकाने फळ शोधते.

गोष्ट सांगायची म्हणजे गोड करून सांगायची, असे मात्र नाही. २०१८ साली केरळात निपाहने माणसे मेली, आणि तो विषाणू फळे खाणाऱ्या वाघळांत असतो. २०२० साली महाबळेश्वरच्या एका गुहेतून घेतलेल्या वाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या खुणा आढळल्या. त्याच साली कोरोनाच्या भीतीने वाघळांची झाडे तोडण्याची भाषा ठिकठिकाणी ऐकू आली. मुलांना मी दोन नियम सांगतो. वाघळाला हात लावायचा नाही, पडलेले असले तरी मोठ्यांना बोलवायचे. आणि उष्टे, चोचलेले किंवा चावलेले फळ खायचे नाही. विस्तवाशी आपण हेच करतो. चूल कोणी फोडून टाकत नाही. झाड तोडले की वाघळे मरत नाहीत, बिथरतात आणि दुसऱ्या वस्तीत जातात, हे मोठ्यांच्या सभेत सांगण्याचे वाक्य आहे.

पुस्तक काढणाऱ्यांना माझी विनंती आहे की कोणीतरी बारापेडे, कोटुमसर आणि वेंगुर्ल्याची बेटे मराठी चित्रकथांत आणावीत. मोठी अक्षरे, काळा कागद भरपूर, आणि मागे उपयोगांची यादी नको. तोवर शिक्षकांनी आणि आजी-आजोबांनी संध्याकाळी एखाद्या वाघळांच्या वडापासून पन्नास पावलांवर मुलांना उभे करावे. मी गेल्या महिन्यात नेले होते. सूर्य गेला, एक उडाले, मग दहा, मग मोजदाद सुटली. त्यांच्या भांडणातले जे बारीक चिरके सूर मुलांना ऐकू येत होते ते माझ्या वयाच्या कानाला नीट ऐकू येत नव्हते. मुलेच मला सांगत होती, आता हे ओरडलं, आता ते.

परत येताना ज्या प्रश्नाची मी वाट पाहत होतो तो आला. उलटे लटकून ती शू कशी करतात? बालवाडीताईंनी डोळे वटारले. पण उत्तर साधे आहे, आणि मी ते ओढणी मागून करून दाखवले. वडावरचे ते मोठे वाघूळ अंगठ्याच्या नखांनी फांदी धरते, पाय सोडते, क्षणभर आपल्यासारखे डोके वर करून लटकते, काम उरकते, अंग झटकते आणि पुन्हा उलटे होते. त्या संध्याकाळी वस्तीतल्या प्रत्येक घरात हे करून दाखवले गेले, असे मला सोमवारी तीन पालकांनी वेगवेगळ्या आवाजात सांगितले.