पुण्याची गाडी, इंदूरचा नंबर

"काका, पुण्यात गाडी स्वस्त मिळतेय. आणू का?" गेल्या दोन महिन्यांत आपल्या मंडळातल्या तिघांनी हे विचारलं. तिघांच्याही मोबाईलवर एकाच धाटणीचे फोटो होते. पांढरी गाडी, एक हात वापरलेली, मालक आयटीवाला, मागे सोसायटीची पार्किंग. पुण्याचा जुन्या गाड्यांचा बाजार आपल्यापेक्षा मोठा आहे आणि निवडीला वाव आहे, हे खरंच. पण "स्वस्त" हा शब्द इंदूरचा नंबर लागल्यावरच वापरायचा.

समजा, तीच गाडी इथल्यापेक्षा साठ हजारांनी कमी पडतेय. त्यातून आधी कर वजा करा. पहिल्या मालकाने महाराष्ट्राचा एकरकमी कर भरला असला तरी तो मध्य प्रदेशात चालत नाही. इथे गाडीच्या वयाप्रमाणे नव्याने भरावा लागतो. तिकडच्या उरलेल्या मुदतीचा परतावा मागता येतो, पण इथे नोंदणी झाल्याचा पुरावा दाखवून आणि तिकडच्या आरटीओच्या पायऱ्या चढून. हा परतावा कोण घेणार, तुम्ही की विकणारा, हे व्यवहाराच्या दिवशीच कागदावर लिहून घ्या. नंतर फोन उचलले जात नाहीत. मग वाहतूक, एजंट, नव्या पाट्या. साठातले किती उरले ते पाहा. (नवीच घ्यायची असेल तर पुण्याकडे कशाला बघता? ग्वाल्हेरच्या मेळ्यात सरकार सूट जाहीर करतं तेव्हा आरटीओचा कर निम्मा होतो. नंबर मात्र एमपी ०७ पडतो, तेवढं चालवून घ्यायचं.)

आता कागद. विकणाऱ्या डीलरच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं, "एनओसी मागाहून कुरिअर करतो." इथे थांबायचं. फॉर्म २८ वर मिळणारं ना-हरकत प्रमाणपत्र ही या सगळ्या व्यवहाराची किल्ली आहे. ते मूळ प्रतीत हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, निदान मोठी रक्कम अडवून ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हवा. ई-चलान थकलेलं असेल तर तिथेच गाडं अडतं, म्हणून गाडीचा नंबर घालून आधीच तपासा. फॉर्म २९ आणि ३० वर आरसी बुकात ज्याचं नाव आहे त्याचीच सही हवी, डीलरची नव्हे. चॅसिस नंबर स्वतः वाकून वाचा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. इंदूरला आल्यावर फॉर्म २७ भरून नवा नंबर मागायचा.

"बारा महिने काही करावं लागत नाही" असं सांगणारे बरेच भेटतील. मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमात बारा महिने आहेत, पण ते नव्या नंबरासाठी. गाडी आपल्या नावावर करून घ्यायचा अर्ज तीस दिवसांत द्यायचा असतो, आणि कराचा हिशेब तर वेगळाच. विम्याचं नाव बदलायला चौदाच दिवस. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याचकडे राहतो.

यात विकणाऱ्याचाही जीव अडकलेला आहे, आणि आपल्यातले अर्धे लोक कधी ना कधी विकणारे असतातच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार खटल्यात स्पष्ट सांगितलं, की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. गाडी मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. तेव्हा तुमची जुनी गाडी परराज्यात गेली असेल तर ती नव्या नावावर झाली का, हे आज संध्याकाळी बघून टाका.

राहिलं आणणं. पुणे-इंदूर सहाशे किलोमीटरच्या आसपास. नाशिक, धुळे, शिरपूर, मग बिजासनचा घाट उतरून-चढून सेंधवा, खलघाटला नर्मदा. माझं मत विचाराल तर स्वतः चालवत आणावी. गाडीचं खरं रूप घाटातच कळतं. फक्त निघण्याआधी चालू विमा, पीयूसी आणि विक्रीचे कागद जवळ ठेवा, आणि जुन्या मालकाचा फास्टॅग काढून टाका, नाहीतर टोल त्याच्या खात्यातून कटेल आणि भांडण तुमच्या वाट्याला येईल.

वेळ नसेल तर ट्रक. ट्रान्सपोर्टवाल्याकडून बिल्टी घ्या, वाटेतल्या नुकसानीचा विमा आहे का ते लेखी घ्या. चढवण्याआधी चारी बाजू, काचा, चाकं आणि मीटरचा आकडा यांचे फोटो काढा. डिकीत सामान भरून पाठवायचा मोह होतो, तो टाळा. पेट्रोल थोडंच ठेवा. इकडे गाडी रात्री अकराला पोचली आणि ड्रायव्हर "साहेब, सही करा" म्हणाला, तर टॉर्च घेऊन आधी खालपर्यंत बघा. ओरखडा दिसला तर बिल्टीवरच लिहा आणि त्याखाली त्याची सही घ्या. मीटरमध्ये दोनशे किलोमीटर जास्त दिसले तर तेही लिहा, कारण मग गाडी ट्रकवरून नाही, रस्त्यावरून आलेली असते.